जपानची वंदना आणि पितळेचा बुश

आमचे आप्पा अंबडच्या एका कारखान्यात लेथवर टर्नर होते आणि घरी सर्वज्ञ. त्यामुळे कारखान्यात नवं मशीन बसवायला जपानी इंजिनियर आला, तेव्हा जपानबद्दल आम्हाला कळायचं काही शिल्लक राहिलं नाही. "अगं, जपान म्हणजे बुद्धाचा देश! तिथे घरोघरी वंदना चालते," आप्पा सांगायचे. ते स्वतः एका लग्नासाठी देवळ्यापर्यंत जाऊन आले होते, तेवढाच त्यांचा परदेश.

इंदिरानगर तेव्हा नुकतं वसत होतं आणि आमच्या कॉलनीतला विहारही नवाच होता. बुद्धजयंतीला पाहुणा जपानी आणि वंदनाही जपानी, असं आप्पांनी कमिटीत जाहीर करून टाकलं. कमिटीचे अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त हेडमास्तर. ते आप्पांना तोंडावर थापाड्या म्हणत. "यंदा तरी खरं निघू द्या," ते म्हणाले, "नाहीतर कमिटी सोडा आणि घरी बसून सांगा काय सांगायचं ते." आप्पा हसले, पण त्या रात्री नीट जेवले नाहीत. विहाराची पहिली वीट त्यांनी डोक्यावर वाहिली होती.

त्यांनी इंजिनियरला आपल्या खास इंग्रजीत गाठलं, "बुद्धा प्रोग्रॅम. जपान साँग. यू गिव्ह." तो बिचारा दोन दिवस विचारात पडला. तिसऱ्या दिवशी त्याने कोऱ्या पांढऱ्या पाकिटातली एक बशीएवढी रेकॉर्ड आणून दिली. तिच्या मधोमध रुपयाहून मोठं भोक, आणि आमच्या लाउडस्पीकरवाल्याच्या यंत्राची खुंटी पेन्सिलीएवढी. दुसरा कोणी हबकला असता. आप्पांना आनंद झाला. लेथवर सुटेल अशी अडचण आली की त्यांना दिवाळीच. त्यांनी लेथवर पितळेचा एक बुश, म्हणजे जाड कडंच, फिरवून काढला, बाहेरून भोकात बसणारा, आतून खुंटीवर. मग चिंचेने घासून असा चकचकीत केला की आईच्या समईला लाज वाटावी.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, म्हणजे मीही सर्वज्ञच. म्हटलं, "आप्पा, आधी एकदा ऐकून तर बघा."

"वंदना काय तपासून घ्यायची असते? कमाल करते ही पोरगी!"

बुद्धजयंतीच्या संध्याकाळी पांढरे कपडे घालून सगळी कॉलनी हात जोडून उभी राहिली. पाहुणा स्टेजवर. बुश अगदी फिट्ट बसला. सुई टेकली आणि कर्ण्यातून असा काही ढणढणाट सुटला की विहारावरची कबुतरं उडाली. पाठोपाठ गिटार किंचाळली आणि कोणीतरी जपानीत जिवाच्या आकांताने ओरडायला लागलं. पोरं नाचायला लागली, आयांनी त्यांना धपाटे घातले. हेडमास्तरांचा चेहरा लालबुंद. मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. आप्पांनी मात्र डोळे घट्ट मिटलेले आणि हात जोडलेलेच. ते हलेनात, म्हणून कोणीच हलेना. गाणं संपलं तशी पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या वंदनेनंतरच्या सवयीने म्हणाल्या, "साधू, साधू, साधू." मग सगळ्यांनीच म्हटलं.

तेव्हा माझं पाहुण्याकडे लक्ष गेलं. तो ताठ उभा होता आणि चष्मा काढून डोळे पुसत होता. आप्पा धावले. "सॉरी, सर, सॉरी..."

"ड्रम," तो स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाला. "आय प्ले. फोर फ्रेंड्स. फर्स्ट रेकॉर्ड. लास्ट रेकॉर्ड. जपान, नोबडी लिसन." मग त्याने विचारलं, लोक तीनदा काय म्हणाले?

आप्पांनी क्षणभर विचार केला. "गुड वर्क. थ्री टाइम्स, गुड वर्क."

हेडमास्तर पुढे आले. आता आप्पांना कमिटी सोडायला सांगणार, असं मला वाटलं. त्यांनी पाहुण्याच्या गळ्यात हार घातला आणि आप्पांना म्हणाले, "खुर्ची आणा तुमची. पाहुण्याशेजारी बसा." आप्पांची थट्टा करण्यात माझी सगळी हुशारी गेली होती. मला माझीच फार लाज वाटली.

मशीन सुरू झालं आणि इंजिनियर परत निघाला. रेकॉर्ड त्याने आप्पांना देऊन टाकली, पण बुश मागून घेतला. रुमालात गुंडाळून वरच्या खिशात ठेवला. आप्पांनी आयुष्यभर बुशच फिरवले. कोणी मागून घरी नेला, तो एवढाच.