खुळखुळ्याची रेघ

अंधेरीच्या प्लॅस्टिक कारखान्यात मी झाडू मारायचे. तपासणीच्या खोलीतले साहेब प्लॅस्टिकचा बारीक तुकडा यंत्रात तापवायचे आणि सुई कागदावर रेघ ओढायची. तुकडा वितळला की रेघेत खड्डा पडायचा. शुद्ध मालाला एकच खड्डा.

"बोल बाबा, कोण तू?" साहेब तुकड्याला हळूच विचारायचे.

एकदा मी माझ्या मुलीचा खुळखुळा नेला. रेघेत तीन खड्डे पडले.

"बाई, यात भंगार आहे. पोरगी चोखते?"

"दिवसभर, साहेब."

"मग हा परत मिळायचा नाही. नाव काय तिचं?"

नावाची चिठ्ठी बांधून त्यांनी तो खणात टाकला. खण चावलेल्या खेळण्यांनी भरला होता, प्रत्येकाला एक नाव. सगळ्यात पिवळ्या पडलेल्या चिठ्ठीवर साहेबांचंच आडनाव होतं.