मामांचं नको

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत आजवर जेवढे नकार दिले गेले असतील, त्यांतले निम्मे एकट्या माझ्या मामेसासऱ्यांनी दिलेले आहेत. आणि त्यांतला एकही खरा नाही. ते माझ्या बायकोचे थोरले मामा, म्हणून माझेही मामाच. पिंपळीला कालव्याच्या पाण्यावर त्यांची पेरूची बाग आहे. पेरू असा की एक चिरला तर घरातली माणसं खाऊन उरलेला शेजारी पोचवावा लागतो. आवाज असा की बागेतून गड्याला हाक मारली तर रस्त्यावरची एसटी थांबते आणि कंडक्टर विचारतो, कोण चढतंय. मागं एकदा उसातून बिबट्या निघाला, तेव्हा अख्खी वस्ती माळ्यावर चढली होती आणि मामा एकटे काठी टेकून त्याला विचारत होते, "कुठला रं तू? हितं काय काम काढलंस?" बिबट्या वरमला आणि आला तसा उसात गेला, असं मामा सांगतात. मी बिबट्याची बाजू ऐकलेली नाही.

तर असा हा माणूस जगात फक्त एका गोष्टीला भितो. आपण काही मागितलं आणि समोरचा नाही म्हणाला तर? हा धोका मामा पत्करतच नाहीत. समोरच्याला नकाराची संधी मिळायच्या आत ते स्वतःच "नको" म्हणून मोकळे होतात.

आता पंगतीत पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा ताटावर हात आडवा धरायचा आणि तिसऱ्यांदा त्याच हाताची बोटं जरा फाकवून जिलेबीला वाट करून द्यायची, ही आपल्याकडची रीतच आहे. पण इतर माणसं ही रीत ताटापुरती पाळतात. मामांनी ती सगळ्या आयुष्याला लावली. एकदा सुप्याकडच्या एका लग्नात वाढपी नवखा होता. मामा पहिल्यांदा नको म्हणाले आणि तो खरंच पुढं गेला. मामा भाताच्या चार शितांवर हात धुऊन घरी आले. तेव्हापासून त्या बाजूला पाऊस का पडत नाही, याचं कारण त्यांना ठाऊक आहे. "जितं आग्रह न्हाय, पाव्हणं," ते मला म्हणाले, "तितं पाऊस तरी कशाला तोंड दाखवंल?"

मामी होत्या तोवर या सगळ्याचं काही बिघडत नव्हतं. मामा ओसरीवरून ओरडायचे, "मला च्या नको गं!" आत मामी म्हणायच्या, "बरं," आणि आधण ठेवायच्या. "थंडी न्हाय मला, घोंगडी नको." "बरं." आणि घोंगडी पायांवर. "लेकीकडं चार दिस जाऊन ये तू, माझं काय अडत न्हाय." "बरं," म्हणून मामी पिशवी परत खुंटीला अडकवायच्या. चाळीसेक वर्षांच्या संसारात त्यांनी एकदाही त्यांच्याशी वाद घातला नाही आणि एकदाही त्यांचं ऐकलं नाही. मामी गेल्या, आणि मामांचं नको उघड्यावर पडलं.

मुलगा आहे. चांगला आहे, नको इतका चांगला आहे. लोणी देवकरच्या कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो, इंदापुरात राहतो. गाडीवर तासाभराची वाट. कारखान्यात बटण बंद म्हणजे बंद आणि चालू म्हणजे चालू, हे तो शिकला आणि तेच बापालाही लावून बसला. मामांना वाटायचं, पोरानं यावं, दोन दिवस राहावं. पण तसं म्हणायचं कसं? म्हणून ते फोन करायचे.

"मोटार लई आवाज करती रं."

"मी येऊ का, आबा?"

"नको नको. तुझी ड्यूटी असंल."

"बरं." आणि दुसऱ्या दिवशी दारात वायरमन.

वायरमन म्हणाला, मोटार तर उत्तम आहे. बिचारा एवढ्या लांबून आलेला, त्याला हात हलवत कसं पाठवायचं, म्हणून मामांनी त्याच्या डोळ्यांदेखत एक वायर उपटून दिली. मग कळवलं, म्हैस वैरण खाईना. डॉक्टर आला आणि चांगल्या धट्ट्याकट्ट्या म्हशीला सुई टोचून गेला. ती म्हैस अजून फोनची रिंग वाजली की दावं तोडू बघते. टीव्ही दिसत नाही म्हटलं, तर भिंतीपेक्षा मोठा टीव्ही आला. तो ठेवायला भिंत पाडावी लागते की काय, अशी वेळ आली. आज त्या घरात बिघडलेली एकही वस्तू नाही. सगळं चालू आहे, आणि ते बघायला मामा एकटे.

पण मोतीबिंदूच्या वेळी टीव्ही खराच दिसत नव्हता. बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता थांबू नका. मामा थांबले. आधी पेरूचा बहार धरायचा होता. मग म्हैस व्यायची होती. मग वारा चांगला नव्हता. मधल्या काळात ते शेजारच्या मळ्यातल्या बुजगावण्याला रोज राम राम घालायचे आणि ते उत्तर देत नाही म्हणून त्या मळेवाल्याशी बोलणं टाकलं होतं. मी हसत होतो. मग एका सकाळी त्यांनी पायरी समजून विहिरीच्या कडेपलीकडं पाय टाकला. रहाटाचा खांब हाताला लागला म्हणून वाचले. मी हसायचं थांबवलं आणि विचारलं, "मामा, खरं काय ते सांगा. ऑपरेशनचं एवढं भ्या वाटतं?"

ते बराच वेळ पेरूच्या पानाची घडी करत बसले. "भ्या न्हाय वो. पर डोळा बांधल्यावर... भाईर कोण हाय, कोण न्हाय, कसं कळायचं?"

मी म्हटलं, हे पोराला सांगा. म्हणा, मला भ्या वाटतंय, तू ये. बाकी एक शब्द नको. आम्ही तालीम केली. मी मुलगा झालो. मामांनी मला म्हणून दाखवलं, म्हशीला म्हणून दाखवलं, बागेत फिरत झाडांना म्हणून दाखवलं. एकाही झाडानं नकार दिला नाही. मग मी नंबर लावून फोन त्यांच्या कानाला धरला.

"हां, म्या बोलतूय. बुधवारी डोळ्याचं जरा हाय. किरकोळ. पाव्हणं हायती संगं. तू काय रजा टाकू नकोस."

"बरं, आबा. गाडी पाठवू का?"

"नको."

फोन बंद झाला. मामांनी तो कानाला तसाच धरून ठेवला आणि एकही चूक न करता म्हणाले, "मला भ्या वाटतंय. तू ये."

मी मागल्या दारी जाऊन मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "दाजी, मला कळत न्हाय व्हय? पर म्या जायचं, आन् आबांनी म्हणायचं, कशाला आलास. मग तोंड कुठं लपवू?" बाप बोलावण्याआधीच नको म्हणतो, आणि मुलगा निघण्याआधीच माघारी जातो. बियाणं एकाच पोत्यातलं.

बुधवारी मामांना घेऊन मी दवाखान्यात गेलो, तर दारात हा उभा. डोक्यावर हेल्मेट, काच खाली, बँकेवर दरोडा घालायला आल्यासारखा.

"कंपनीचं काम हुतं बारामतीत," तो काचेआडून म्हणाला.

"मग जा की. खोळंबा हुईल," मामा म्हणाले.

"जातो."

"जा."

आणि दोघंही जागचे हलेनात. तेवढ्यात आतून सिस्टर आली. मामांच्या डोळ्यांत थेंब घालून त्यांना बाकावर बसवलं आणि म्हणाली, "पेशंटबरोबर एकच जण थांबेल. कोण थांबतंय?"

"हे जावई थांबत्यात," मामा घाईनं म्हणाले. "त्याला काम हाय. तो निघालाच हाय. जा रं तू, थांबू नकोस हितं."

तोंडाचं हे असं चाललं होतं. त्या थेंबांनी त्यांना समोरचं काही दिसत नव्हतं. पण हात चाचपडत गेला होता आणि मुलाच्या शर्टाची बाही त्यानं मुठीत धरली होती. बिबट्याच्या पुढं काठी धरणारा हात तो. मुलानं त्या मुठीकडं पाहिलं. मग काच वर केली, हेल्मेट काढलं, बाकाखाली सरकवलं.

"बरं," तो म्हणाला, आणि बापाला खेटून बसला.

ते बरं मी ओळखलं. ते कारखान्यातलं नव्हतं. मामींच्या स्वयंपाकघरातलं होतं.

ऑपरेशन छान झालं. दुपारी मामांना बाहेर आणलं, एका डोळ्यावर पट्टी, दुसरा मिटलेला. "कोण कोण हाय?" त्यांनी विचारलं. मुलानं नुसती बाही पुढं केली. मामांनी ती चाचपली आणि धरली. "अजून गेला न्हाईस व्हय? जा आता, तिन्हीसांज हुईल."

"बरं. च्या आणू, आबा?"

"नको."

तो उठला. जाता जाता रीतीप्रमाणं त्यानं मलाही विचारलं, "दाजी, तुमाला?" सकाळपासून माझ्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. मी म्हटलं, "नको, नको."

तो टपरीवरून दोन चहा घेऊन आला. एक बापाच्या हातात दिला, एक स्वतः घेतला, आणि दोघं बाकावर खेटून फुंकर घालत बसले. माझ्या नकोचा अर्थ लावणारी माझ्या घरी होती, आणि तिला मी सकाळीच सांगून निघालो होतो की तू काही यायची गरज नाही.