वरच्या मजल्यावरचे सपोर्टवाले भाऊजी

बाळांनो, फोन उचलण्यासाठीच जन्माला आलेला माणूस या पृथ्वीवर एकच होता, आणि तो आमच्या डोक्यावर राहत असे! डोक्यावर म्हणजे पुंडलिकनगरातल्या आपल्या घराच्या वरच्या मजल्यावर. मी त्यांना वरचे भाऊजी म्हणे, ते मला वहिनी म्हणत. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत ते फोन उचलत, आणि बोलताना उठून उभे राहत. समोरच्याला दिसत नसलं म्हणून काय झालं, अडचणीतल्या माणसाशी बसून बोलू नये, असं त्यांचं मत. एकदा न्हाव्याकडे अर्ध्या गालावर साबण असताना उठले आणि जालन्याच्या डाळमिलचं बिल निघेपर्यंत बसलेच नाहीत. न्हावी बिचारा वस्तरा घेऊन त्यांच्यामागे दुकानभर फिरत होता.

त्यांची कंपनी दुकानांना, गिरण्यांना, ठेकेदारांना सॉफ्टवेअर विकायची. ते बिघडलं की गिऱ्हाईक फोन करणार तो भाऊजींना. तुम्ही तिकडे बटण दाबून तक्रार करता आणि यंत्र तुमची समजूत घालतं. इथे भाऊजी घालत. ‘बंद पडलं’ हे उत्तर त्यांना मुळीच चालत नसे. ‘बंद पडण्याआधी शेवटचं काय केलंत?’ हा त्यांचा प्रश्न ठरलेला, आणि तो घरातही सुटत नसे. एकदा भाजी करपली, तर स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून शांतपणे विचारतात, “करपण्याआधी शेवटचं काय केलंस?”

“तुमच्याशी बोलले!” आतून त्यांच्या बायकोनं सांगितलं. त्यावर भाऊजी प्रामाणिकपणे म्हणाले, “मग कारण सापडलं.”

त्यांच्या लेकीच्या साखरपुड्याची साडी घ्यायला आम्ही सगळे गुलमंडीच्या बाजारात गेलो, तेव्हाही तेच. दुकानाचं बिलिंग अडकलं आणि ते यांच्याच कंपनीचं निघालं. भाऊजी गल्ल्यामागे शिरले ते शिरलेच. लेकीची साडी आम्ही बायकांनी निवडली, आणि तिचं बिल भाऊजींनी स्वतः काढून बायकोच्या हातात दिलं, “थँक यू, पुन्हा या” म्हणून!

पण त्यांचं खरं वेड पुढेच आहे. त्यांचं सॉफ्टवेअर सगळं कंपनीनं लिहिलेलं नव्हतं. त्याचा पाया ओपन सोर्सचा, म्हणजे जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेला, कुणालाही फुकट वापरता येईल असा. कंपनीनं त्यावर आपला मजला चढवला होता. भाऊजींना पगार मिळे तो मजल्याचा आणि जीव होता तो पायावर. ज्यांना कधी पाहिलं नाही त्या लोकांना ते ‘आपली मंडळी’ म्हणत. ब्राझीलमधल्या एका बाईंना मुलगी झाली, तर यांनी आमच्या घरी पेढे आणले. “अहो, छपाईचा सगळा भाग त्यांनी लिहिलाय, वहिनी! दुकानादुकानातली पावती त्यांच्यामुळे निघते!” मी पेढा घेतला. काय करणार?

या मंडळींचा एक रिवाज भाऊजी सांगत. पायात दोष सापडला आणि तुम्ही तो दुरुस्त केला, तर दुरुस्ती त्यांच्याकडे पाठवून द्यायची. मग ती कायमची पायात बसते. पाठवली नाही, तर पायाची नवी आवृत्ती आली की तुमची दुरुस्ती पुसली जाते आणि जुना दोष पुन्हा हजर! भाऊजींनी असाच एक दोष शोधून आपल्या गिऱ्हाइकांपुरता दुरुस्त केला होता. गिऱ्हाइकांची रांग फार लांबली की नंबराच्या चिठ्ठ्या छापणं मध्येच थांबायचं. दुरुस्ती पाठवायची परवानगी मागितली, तर त्यांचे साहेब म्हणाले, “आपण डोकं चालवायचं आणि जगाला फुकट वाटायचं? काही गरज नाही.” भाऊजी त्या दिवशी जेवले नाहीत.

त्यातच दुष्काळाची वर्षं आली. पुंडलिकनगरात रिकामे प्लॉट दिसेनासे होत होते, जिकडेतिकडे नवे पिलर उभे राहत होते, आणि नळ मात्र कोरडे. सगळा भार टँकरवर. टँकर भरायच्या टाकीवर ठेकेदारानं भाऊजींच्या कंपनीचं सॉफ्टवेअर बसवलं होतं. ते टँकरला नंबराची चिठ्ठी देई आणि चिठ्ठीशिवाय तिथला माणूस पाणी सोडत नसे, कारण नंबरावरून आधी चांगली मारामारी झालेली होती.

आणि भाऊजींच्या एकुलत्या एक लेकीच्या साखरपुड्याच्या सकाळी चिठ्ठ्या थांबल्या!

अजिंठ्याहून पाहुणे येऊन बसलेले, घरातले ड्रम रिकामे, आमचा टँकर रांगेत, आणि भाऊजी नव्या झब्ब्यात गच्चीच्या जिन्यावर लॅपटॉप घेऊन उभे, कारण इंटरनेट तिथेच येई. फोनवर टाकीवरचे सलीमभाई इतक्या मोठ्यानं बोलत होते की ते आम्हाला खाली ऐकू येत होतं.

“साब, गाड्यां हिलतेच नै! डायवरां मेरे सर पे खड़े हैं!”

“सलीमभाई, बंद होने के पहले क्या किया?”

“मैं कुछ नै किया साब! कल तुमारे हापिस का छोकरा आया, नया डालतूं बोल के कुछ डाल के गया!”

भाऊजींनी कपाळाला हात लावला. पायाची नवी आवृत्ती चढवली होती आणि त्यांची दुरुस्ती पुसली गेली होती. रांग तर दुष्काळामुळे कधी नव्हे इतकी लांबलेली. आता ती दुरुस्ती जिन्यावरूनच पुन्हा चढवायला हवी होती.

होणारे व्याही जिन्याखाली येऊन उभे राहिले. “आवो पाव्हणं, सगळं तुमच्याच हातात हाय नव्हं? आधी आपली गाडी सोडा की म्होरं!”

“एकाच गाडीची चिठ्ठी काढता येत नाही हो. निघाल्या तर सगळ्यांच्या निघतील. आणि आली असती काढता, तरी नसती काढली.”

“लई कडक हायेत,” व्याही माझ्याकडे बघून म्हणाले, पण त्यांना ते आवडलेलं दिसलं.

इकडे भटजी घड्याळ दाखवू लागले. भाऊजींची बायको जिन्यापाशी आली. “अहो, मुहूर्त चाललाय. या ना खाली! नाहीतर थांबवू का?”

त्या लेकीचं लहानपणापासूनचं प्रत्येक बक्षीस, प्रत्येक नाच त्यांनी पहिल्या रांगेत बसून पाहिला होता. तरी भाऊजी वरून म्हणाले, “थांबू नका. तिला सांग, मी आलोच.”

अंगठ्या घातल्या गेल्या. टाळ्या वाजल्या. आणि त्याच टाळ्यांत वरून सलीमभाईंचा आवाज आला, “निकली! साब, पर्ची निकली!” भाऊजी जिना उतरत धावत आले, हात वर करून, “निघाली! निघाली!” आणि दारातच थबकले. सगळ्यांच्या तोंडात पेढे होते. फोटोवाला कॅमेरा पिशवीत ठेवत होता.

नंतरची धमाल काय सांगू! दुपारी गल्लीत टँकर शिरला आणि सोवळ्यातले भटजीसुद्धा बादली घेऊन धावले. व्याही धोतर खोचून पाइप धरून उभे! भाऊजींनी त्याच गडबडीत साहेबांना फोन लावला. “दुरुस्ती आज पाठवतोय. विचारत नाही, सांगतोय,” एवढंच बोलले आणि ठेवला.

पाहुणे निघायच्या बेतात होते. मी कप आवरायला स्वयंपाकघरात गेले, तर तिथे भाऊजी पाण्यानं भरलेल्या पिंपाला टेकून उभे, आणि समोर लेक आणि होणारा जावई. लेकीनं बोटातली अंगठी काढली आणि जावयाच्या हातात दिली. “पुन्हा घाल,” ती म्हणाली, “बाबांनी पाहिली नाही.”

त्यानं घातली. मग तिनं त्याला घातली. ना भटजी, ना अक्षता. ओल्या झब्ब्यानं भाऊजींनी डोळे पुसायला पाहिले, तर झब्बाच जास्त ओला होता.

ती लेक आता तुमच्यासारखीच दूर असते आणि वरचा मजला भाऊजींनी विकला. साखरपुड्याच्या अल्बममध्ये सगळे आहेत, भाऊजी नाहीत. दुसऱ्यांदा घातलेल्या अंगठीचा फोटोच कुणी काढला नाही. मी कप हातात घेऊन दारात होते, म्हणून तुम्हाला लिहून ठेवलं.