नाव ज्याचं त्यानं सांगायचं

धामणकर नाक्याजवळच्या लॅबमध्ये रक्त काढणाऱ्या त्या माणसाचं नाव मला अजून माहीत नाही. तो मात्र पेशंटचं नाव त्याच्याच तोंडून ऐकल्याशिवाय नळीवर लेबल लावत नाही. सुई टोचताना "हो गया, काका, झालंच" असं पुटपुटतो.

माझ्या वडिलांचं, अण्णांचं, विसरणं अल्झायमरचं आहे का, याचा अंदाज रक्तावरून येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. अण्णा मुद्दाम करतात असं वाटून वर्षभर मी त्यांच्यावर ओरडलो होतो.

"काका, नाव सांगा."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मीच घाईने सांगून टाकलं.

"रक्त तुमचं काढायचंय का?" तो म्हणाला. "त्यांना सांगू द्या."

"अरे भाई, जल्दी," रांगेतून कुणीतरी कुरकुरलं. तो रिकामी नळी धरून अण्णांकडे बघत थांबला. शेवटी अण्णांनी आडनावासकट नाव सांगितलं आणि वर बजावलं, "नीट लिही हां."

रिपोर्ट यायचाय. काहीही येवो, अण्णांच्या आधी मी बोलणार नाही. परतताना शेअर रिक्षात ते शेजारच्या माणसाला माझी ओळख करून देऊ लागले. "हा माझा..." म्हणून अडले. तो माणूस माझ्याकडे बघू लागला.

मी अण्णांकडे बघत थांबलो.