पाण्यात ठेवलेले देव

मागच्या श्रावणात एका सोमवारी दुपारी गोदावरीचे पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागले आणि आमच्या पंचवटीतल्या गल्लीत शिरले. घरात मी होतो, माझी म्हातारी आई होती आणि पितळी घंगाळात, पाण्यात बसवलेले आमचे देव होते.

धरणातून पाणी सोडणार, हे सकाळीच कळले होते. कागदपत्रे प्लॅस्टिकमध्ये, औषधे आणि बॅटरी पिशवीत, सिलिंडर माळ्यावर, मेन स्विच बंद. माझी तयारी झाली होती. आईने तिच्या परीने देव पाण्यात ठेवले होते. पूर ओसरेपर्यंत ते बाहेर काढायचे नाहीत आणि त्यांना सोडून हलायचे नाही, असा तिचा नेम. मी घंगाळ उचलायला गेलो, तर पाणी हिंदकळून बाळकृष्ण आडवा झाला.

"राहू दे. तुला चहाचा ट्रे धड धरता येत नाही."

"आई, पाणी उंबऱ्याला आलंय."

"देव सकाळपासून पाण्यात आहेत. ते ओरडतायत का?"

त्या वेळी माझा देवावर विश्वास उरला नव्हता, आईवर तर नव्हताच. तरी मनात म्हणालो, आता तूच उठव हिला.

दारात एक माणूस डोकावला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. घोटीहून पूर बघायला आलो, म्हणाला. आईने त्यालाही नेम सांगितला. त्याने वाद घातला नाही. देवांना हात लावायचा म्हणून चपला पायरीवर, त्या पाण्यातच, काढल्या आणि घंगाळ डोक्यावर घेतले.

"आजी, भातलावणीत रोज एवढ्या पाण्यात असतो मी. तुम्ही मागून या आन् देवांवर ध्यान ठेवा. माझा काय भरवसा नाय."

आई ताबडतोब निघाली. पूर पाहणाऱ्या गर्दीने हात जोडून वाट दिली. एकाने घंगाळात नाणे टाकले.

"पाणी सांडेल ना, मेल्या," आई त्याला म्हणाली.

मी तिचा दंड धरला होता. चढाच्या तोंडाशी धार जोरात होती. तिथे तिनेच मला धरले.

वरच्या शाळेत घंगाळ टेकवल्यावर मी हात जोडले. डोळे उघडले तेव्हा तो माणूस गेला होता, अनवाणी. नाव विचारायचे राहिले. संध्याकाळी आमच्या खोलीत देवघराच्या फळीपर्यंत पाणी होते.

पूर ओसरला. देव सगळे निघाले, नाणेही. पायरीवरच्या चपला सापडल्या नाहीत. आईने नवा जोड आणून उंबऱ्याशी ठेवला आहे. नऊ नंबरचा. माप तिने अंदाजाने सांगितले.