शेवटच्या फोटोनंतर

फोटो बघायच्या प्रोग्रॅमची सेटिंग्ज लावण्यात दुपार गेली. पार्श्वभूमी काळी केली, एकेका फोटोला पाच सेकंद दिले. मान आखडली. आई गेल्यापासून बाबा जेवण झालं की कॉम्प्युटरसमोर बसतात आणि रोज काहीतरी खटकतं. "फार पळतात गं फोटो," नाहीतर, "ती बटणं कशाला मध्ये?" तीही लपवली.

शेवटी एक चौकोन उरला: 'शेवटच्या फोटोनंतर पुन्हा पहिल्यापासून.' त्यातली बरोबरची खूण मी काढून टाकली. रोज तेच फोटो, तेच उसासे. कुठेतरी संपायला हवं ना.

बाबा येऊन बसले. शेवटच्या फोटोत आई पिशवी घेऊन दारात उभी, अर्धी वळलेली. मग पडदा काळा झाला.

"बंद पडलं?"

"नाही बाबा, संपले फोटो."

"संपतील कसे? घरातून निघताना ती कधी 'जाते' म्हणाली का? 'येते' म्हणायची."

आपल्याकडे सगळेच तसं म्हणतात. मी चौकोनात पुन्हा खूण केली. पहिल्या फोटोत आई गॅसपाशी उभी होती.

"आलीस? चहा टाक," बाबा तिला म्हणाले.

मी उठले.