ह्यांच्या हातातली केरिस

"नाइफ डाउन, नाइफ डाउन," अ‍ॅम्ब्युलन्सचे दोघे दारातूनच ओरडत होते, आणि हे न्यूझीलंडमधल्या लोअर हटच्या आमच्या हॉलमध्ये कार्पेटवर पडले होते. आत यायला कुणी तयार नाही. मी चौथी शिकलेली, पण तेवढं इंग्रजी कळलं. खाली बसले आणि ह्यांची बोटं एकेक करून उघडली. गार पडली होती, तरी सोडत नव्हती. कट्यार सोफ्याखाली ढकलली, तेव्हा ते आत आले. त्यांचा नियम असेल. माझा राग जात नाही.

ती कट्यार म्हणजे केरिस, इंडोनेशियातल्या मदुरा बेटावरची. हे बोटीवर फिटर होते तेव्हा तिथला सलीम नावाचा खलाशी ह्यांचा सोबती होता. तापात ह्यांनी त्याची सेवा केली, म्हणून बोट सोडताना त्याने आपल्या आजोबांची केरिस ह्यांच्या हातात ठेवली. मग जन्मभर ती आमच्याबरोबर फिरली. दसऱ्याला माझी लिंबं पिळून पातं धुवायचं, तेल लावायचं.

"आमटीला लिंबू नाही आणि चाकूला आंघोळ," मी म्हणायची.

"चाकू नाही गं, केरिस."

इथे मुलाकडे राहायला आलो आणि नितीननेच काडी लावली. "बाबा, असल्या बंदरावर ढिगाने मिळतात." नव्या डिजिटल कॅमेऱ्याने फोटो काढून त्याने वेलिंग्टनच्या एका जाणकाराला पाठवले. उत्तर आलं: बालीची, टुरिस्टांसाठी केलेली. हे पेटलेच. "बालीची थोराड असते. ही अंगाने बारीक आहे. आणि मूठ बघ, एवढ्याशा जागेत केवढी फुलंपानं कोरलीत, हे मदुराचंच काम! फोटोवरून कसलं ठरवतो? हातात घेऊन बघ म्हणावं." सलीम खोटं बोलला असं कुणी म्हटलेलं ह्यांना सोसत नव्हतं, सगळं तेवढ्यासाठी. शेवटी तो माणूस शनिवारी दुपारी यायला कबूल झाला.

शनिवारी हे जेवले नाहीत. केरिस मांडीवर घेऊन बसले होते, शर्ट घामाने ओला.

"अहो, काय होतंय?"

"सकाळपासून छातीत दुखतंय."

"आणि आत्ता सांगताय? सून नर्स आहे आपली!"

"म्हणूनच. ड्यूटीवर जायच्या आधी मलाच उचलून नेलं असतं तिने. तो माणूस यायचाय..."

मी फोन करून वळेपर्यंत कोसळले. हॉस्पिटलपर्यंतही पोचले नाहीत.

तो माणूस तेराव्यानंतर आला. मूठ उजेडात धरली, पातं निरखलं. तो बोलत होता, नितीन मराठीत सांगत होता. मूठ आणि म्यान मदुराचं, पातं त्याहून जुनं, बहुधा शेजारच्या जावा बेटावरचं. वाडवडिलांच्या पात्याला पुढची पिढी नवी मूठ बसवते, तिकडे तशी रीतच आहे. म्हणजे घराण्यातली. बाजारातली नव्हे.

"सॉरी," तो मला म्हणाला.

"मला कशाला? जे ऐकायला बसले होते त्यांना सांग."

नितीनने ते इंग्रजीत सांगितलं नाही. केरिस उचलून म्यानात घातली.

राग त्या माणसावर आहे, नितीनवर आहे, सगळ्यात जास्त ह्यांच्यावर आहे. मित्राचा शब्द खरा करायला कुणी छातीतलं दुखणं दाबून बसतं?... सलीमचं नाव राखलंत. माझं काय?

परवा दसरा झाला. कपाटातून केरिस काढली, लिंबू पिळून पातं धुतलं, तेल लावलं. झेंडू मिळाला नाही. मुठीवरच्या फुलांत धूळ बसली होती, ती सुनेच्या जुन्या टूथब्रशने काढली. हे कोसळले त्या दुपारी हॉलमध्ये आम्ही दोघंच होतो. हे गेले. मी आहे.